रायभानचा कोपरा

"लगाम धर, म्होरं रायभानचा कोपरा हाय," असं एक टांगेवाला मागून येणाऱ्या टांगेवाल्याला ओरडून सांगत होता, आणि दोरखंडाच्या दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या रायभानच्या हातातला सुंभाचा पीळ अर्धाच राहिला. टांगा वळणावर थोडा अडला होता. आत बसलेल्या बाईनं विचारलं, कोण हा रायभान. "असंल कुणी," टांगेवाला म्हणाला. "मेला असंल हितं. मेल्याल्याचंच नाव पडतंय जागंला." मग त्यानं घोड्याला चुचकारलं आणि टांगा स्टेशनच्या अंगाला निघून गेला. रायभान उठून बाहेर आला तोवर रस्त्यावर नुसती धूळ होती आणि घोड्याच्या घामाचा वास. धावत जाऊन टांगा धरावा, त्या बाईसमोर उभं राहावं आणि म्हणावं, मी जिता हाय, हे घर माझं हाय, असं त्याला फार वाटलं. पण तो दारातच थांबला. समोरच्या चहाच्या पालाखाली बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. निदान त्याला तसं वाटलं. कुणीतरी हसलं. ते दुसऱ्याच कशाला हसलं असेल. तरी तो दात आवळून आत आला, पीळ उचलला आणि इतका घट्ट ओढला की सुंभ तुटून हाताला चटका बसला.

त्या दिवसापासून त्याला सारखं ऐकू येऊ लागलं. आधीही लोक तसं म्हणत असतील, पण कान तिकडे नव्हता. आता गाडीवाल्यांच्या बोलण्यातून, हमालांच्या शिव्यांतून, स्टेशनवर उतरलेल्या परतूरकडच्या पाहुण्यांना पत्ता सांगणाऱ्यांच्या तोंडून त्याचं नाव यायचं, आणि दरवेळी ते नाव त्याचं नसायचं, कसल्यातरी खड्ड्याचं, विहिरीचं, साप निघतो त्या बांधाचं असावं तसं ते वाटायचं. दिवस पौषातले होते. कापसाचा हंगाम भरात होता. हवेत सरकीचा वास आणि कापसाचा भुरा तरंगत असायचा, तो ओठांवर, पापण्यांवर, दुकानातल्या चामड्याच्या वाद्या आणि बैलांचे कासरे यांच्यावर बसायचा. रायभान दिवसभर तो झटकत राही, आणि झटकता झटकता त्याला वाटे, हे सगळे रस्ते असेच आपल्या अंगावर येऊन बसतात.

पाच रस्ते होते ते. नव्या जालन्यात इतकी वाईट जागा दुसरी नव्हती. एक स्टेशनकडून यायचा, एक मोंढ्यातून, एक जिनिंगकडून, एक नदीकडून चढ चढून आणि एक मंठ्याकडून, म्हणजे वाटूरवरून. हे पाचही सरळ येऊन भेटते तर काही नव्हतं. पण ते कसेही तिरपे येत, आणि जिथं भेटत तिथं मधोमध कुण्या धर्मात्म्यानं जनावरांसाठी बांधलेला दगडी हौद होता. जिनिंगच्या गाडीवानांची बैलं पाण्याच्या ओढीनं हौदाच्या डाव्या बाजूला जात. टांगेवाले स्टेशनची घाई म्हणून उजवीकडून घालत. लॉऱ्या मोकळं दिसेल तिकडून. दुसरा थांबेल, असं प्रत्येकाला वाटे. आणि लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मिळेना, म्हणून लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालवायला त्यांच्या पाठीवर भट्ट्या बसल्या होत्या. त्या लॉऱ्यांना दम नसे. नदीचा चढ चढताना ड्रायव्हरनं जरा पाय आवरला की गाडी बंद पडायची, म्हणून चढाच्या माथ्यावर, अगदी चौकाच्या तोंडाशी, कुणी म्हणता कुणी वेग कमी करत नसे. बाजारच्या दिवशी पोलीस चौकीवरून एक जवान यायचा. तो चहाच्या पालाखाली बसून भांडणं ऐकायचा.

आणि नदीचा रस्ता व मंठ्याचा रस्ता या दोहोंच्या बेचक्यात रायभानचं घर होतं. नांगराच्या फाळासारखं, मागं रुंद आणि पुढं निमुळतं होत गेलेलं. फाळाचं टोक चौकात घुसलेलं. त्या टोकाच्या खोलीत दुकान. काळ्या दगडाची भिंत पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली, त्यामुळे नदीकडून येणाऱ्याला मंठ्याकडून येणारा दिसत नसे, आणि दिसे तेव्हा तो तोंडाशी आलेला असे.

ती भिंत रायभाननं स्वतः दोरी धरून आखली होती. गवंडी म्हणाला होता, रस्त्यापासून हातभर आत घेऊ, चाकं घासणार नाहीत. रायभाननं त्याच्या हातातून दोरी घेतली, हद्दीच्या दगडावर खुंटी ठोकली आणि दोरी अशी ताणली की बोटभरही जागा बाहेर राहिली नाही. गवंड्याला काय माहीत, की वाटूरला बाप मेल्यावर वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावानं, काकासाहेबानं, विहिरीकडचं रान स्वतःकडे ठेवलं आणि रायभानला गावाशेजारचं दिलं, आणि त्या रानातून गावाची वाट जायची. पहिल्या वर्षी ती एका गाडीची होती. पावसाळ्यात चाकोरीत चिखल झाला की गाडीवान कडेनं गाडी घालत, कडेचा चिखल झाला की त्याच्याही कडेनं. ज्वारीचे कोंब उगवत आणि चाकाखाली जात. रायभान बांधावर उभा राहून बघत असे. गाडीवान त्याला रामराम घालत आणि त्याच्याच पिकावरून गाडी नेत. रामराम घालून. तो भांडायला गेला की काकासाहेब वडीलपणानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "वाटंचं सोडून दे, रायभान. वाट समद्यांची असती." एकदा त्यानं बाभळीच्या काट्या आणून आडव्या लावल्या. दुसऱ्या दिवशी काट्या बाजूला ओढून पहिली गाडी गेली ती काकासाहेबाची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत गेल्या. अजूनही दुकानात घुंगरमाळ विकताना गिऱ्हाईकानं ती हलवून बघितली की रायभान ती घाईनं त्याच्या हातातून काढून घ्यायचा. त्यानं ते रान विकलं आणि पुन्हा कधी वाटूरची वाट धरली नाही. वाट मात्र त्याच्यामागं इथवर आली होती, एकीच्या पाच होऊन.

त्याची बायको जयवंताबाई परतूरची. थोडं बोलणारी. ती स्वयंपाक करत असताना बाहेर कुणी ओरडलं, चाक करकरलं, की तिचा हात भाकरीवर थबकायचा आणि पुढचा आवाज काय येतो याची वाट बघायचा. शिव्या ऐकू आल्या की ती पुन्हा भाकरी थापायची. शिव्या म्हणजे माणसं जिवंत. हे रायभानला दिसायचं आणि तिच्या त्या थबकण्याचा त्याला संताप यायचा, जणू ती त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. एकदाच ती म्हणाली होती की टोकाची खोली जरा मागं घेतली तर घरात उजेड येईल. उजेड, असं म्हणाली; दुसरं काही नाही. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तो विषय पुन्हा निघाला नाही.

टांगेवाल्याचं बोलणं ऐकल्यावर काही दिवसांनी समोरचा भुसार दुकानदार बद्रीनाथ दोघातिघांना घेऊन आला. बद्रीनाथ गोड बोलायचा आणि बोलताना दुसऱ्याच्या मालावरून हात फिरवायचा. कासऱ्यांच्या चवडीवर हात फिरवत त्यानं सांगितलं की कालच एका कोमट्याची छकडी लॉरीखाली येता येता वाचली, परवा एका म्हाताऱ्याच्या पायावरून चाक गेलं, आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की रायभानरावांनी कोपरा थोडा आत घ्यावा, माणसाला माणूस दिसत नाही. रायभाननं विचारलं, तुमचा ओटा रस्त्यात आलाय तो आधी आत घेता का. ओट्यावरून नजर जाते, भिंतीतून जात नाही, असं बद्रीनाथ म्हणाला, तेही हसतच. मग रायभान उभा राहिला.

"डोळे उघडे ठिवून चाला मंग," तो म्हणाला. "माझी भिंत चालत जाऊन कुणाला धडकत न्हाई."

ते गेल्यावर हे वाक्य त्यानं मनाशी कितीदातरी म्हणून बघितलं. ते पक्कं होतं. त्यात कुठं फट नव्हती. संध्याकाळी जेवताना, अंघोळीचं पाणी अंगावर घेताना, दुपारी भिंतीलगतच्या बाजेवर पडल्यावर तो ते वाक्य घोळवायचा, आणि पाठीला भिंतीतून चाकांची थरथर लागायची. कोणती गाडी भरलेली, कोणती रिकामी, कोणत्या चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय, हे त्याला पाठीनं कळायचं. थरथर येऊ लागली की तो अंग ताठ करून घ्यायचा. गेली की सैल सोडायचा. इतकी वर्षं हीच त्याची झोप होती.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी तो पडलेला नव्हता. सकाळ सरत आली होती. तो खुंटीला दोर अडकवून पीळ भरत होता. मंठ्याच्या रस्त्यानं मेंढरं येताना ऐकू आली, तो खुरांचा बारीक पाऊस आणि मधूनच धनगराची शीळ. रेल्वे फाटकापलीकडच्या माळावर पालं ठोकून मेंढरांचा वाडा बसवलेला कडूबा धनगर रोज कळप नदीवर न्यायचा. तो पुढं आणि त्याची बायको गोजरबाई मागं. रायभानला त्यांची तोंडं ओळखीची होती. सुंभ न्यायला कडूबा येई. मेंढरं कोपऱ्याला वळसा घालून नदीच्या रस्त्याला लागत होती आणि खालून लॉरी चढ चढत होती, हे त्याला आवाजावरून समजत होतं. पण तो दोर मोजून सोडत होता आणि चौकात रोजच सगळं एकमेकांवर येत असतं. मग भोंगा वाजला नाही. नुसता भिंतीला धक्का बसला. फळीवरच्या घागरबांधणीच्या दोऱ्या खाली आल्या, दगडांच्या सांध्यातून माती झरली. असा धक्का या भिंतीला कधी बसला नव्हता. रायभानच्या डोक्यात रक्त चढलं. तो हातातल्या दोरासकट बाहेर धावला, आणि कोपरा वळता वळताच, काहीही दिसण्याच्या आधी, त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं:

"कुणी फोडली रे माझी भिंत?"

मग त्याला दिसलं. मेंढरांना चुकवायला ड्रायव्हरनं लॉरी एकदम वळवली होती आणि कळपाच्या शेवटी येणारी गोजरबाई भिंत आणि लॉरीच्या मडगार्डामध्ये सापडली होती. ती भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखी दिसत होती. एक पाय दिसत होता. दुसरा चाकाजवळ कुठंतरी होता आणि तिकडे बघवत नव्हतं. ती शुद्धीवर होती. तिनं रायभानकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडे, आणि म्हणाली, "मेंढरं कुठं गेली?" पालाखालची माणसं उठून उभी होती, बद्रीनाथ ओट्यावर होता, कडूबा काठी टाकून पळत येता येता मध्येच उभा राहिला होता, आणि ते सगळे बाईकडे बघत नव्हते, रायभानकडे बघत होते. त्याचे शब्द अजून तिथंच होते. कोळशाच्या धुरात लटकून राहिल्यासारखे. मग एकदम गलका झाला. ड्रायव्हर उडी टाकून पळाला, लोकांनी लॉरी मागं ढकलली, आणि कधी उंबऱ्याबाहेर न येणारी जयवंताबाई डोईवरचा पदर पडलेला असताना आली, मातीत बसली आणि तिनं गोजरबाईचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी रायभानच्या हातातून दोर हिसकावून घेतला आणि बाईच्या गुडघ्याच्या वर आवळून बांधला. रायभान रिकाम्या हातानं उभा राहिला. मेंढरं हौदाभोवती गोळा होऊन पाणी पीत होती.

पंचनामा झाला. चौकीवर अमीनानं, म्हणजे फौजदारानं, त्याला उर्दूत विचारलं, तुम्ही काय पाहिलं. रायभाननं सांगितलं, मी आत होतो, मला काही दिसलं न्हाई. कारकुनानं ते बरोबर लिहून घेतलं. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि परत येताना त्या न खोट्या बोलण्याची चव त्याच्या तोंडात घरापर्यंत राहिली. दुकानात माणसं पूर्वीसारखीच यायची, माल घ्यायची. पण बसत नव्हती. आधी गाडीवान उंबऱ्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे. आता उभ्यानं घेऊन जायचे. त्यांचा राग त्यानं सहन केला असता. राग त्याला ओळखीचा होता. पण ते नुसतेच घाईत असायचे. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, एक मुकादम येऊन टोकाच्या खोलीला मापाची फीत लावून गेला आणि भिंतीवर गेरूची उभी रेघ ओढून गेला, इथून पुढचं पाडायचं म्हणून. तो वळताच रायभाननं ओल्या फडक्यानं ती पुसली. पुसताना दगडाच्या कंगोऱ्यात बोटं गेली. तिथं काहीतरी काळपट वाळलेलं होतं. पाऊस न आल्यामुळे तसंच राहिलेलं. फडकं तिथंच टाकून आत जाऊन त्यानं जयवंताबाईला चहा फार कडू झाल्याबद्दल बोल लावला. चहा तिनं अजून टाकलाही नव्हता.

ती रोज सरकारी दवाखान्यात जाऊ लागली. त्याला न विचारता. भाकरी फडक्यात बांधायची, डोईवरून पदर घ्यायची आणि चौक ओलांडायची. तिला ओलांडताना तो दाराआडून बघायचा. ती हौदापर्यंत जायची, थांबायची, पाचही बाजूंना मान वळवायची, पुन्हा थांबायची. एकदा दोन छकड्यांच्या मध्ये सापडून तशीच उभी राहिली, हातातलं फडकं छातीशी धरून. त्याचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. आणि पाऊल पडलं म्हणून त्याला तिचाच राग आला, कुणी सांगितलंय जायला. परत आल्यावर तिनं सांगितलं की गोजरबाईचा पाय मांडीपासून काढला. त्यानं विचारलं नव्हतं. दोन घास गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "ती इचारत व्हती, भिंत लई खचली का म्हणून."

रायभानचा हात ताटात थांबला. "टोमणा मारला का तिनं?"

"मला न्हाई कळलं," जयवंताबाई म्हणाली. "तिच्या तोंडाकडं बघून कळंना."

ते त्यालाही कळेना. दुपारच्या बाजेवर पडून तो ते वाक्य उलटंसुलटं करून बघायचा. टोमणा असला तर त्याच्याजवळ उत्तर होतं; तसली उत्तरं तो आयुष्यभर तयार करत आला होता. पण तिनं खरंच विचारलं असलं तर. एखादी बाई, जिचा पाय गेला, ती दुसऱ्याच्या घराची चौकशी करते, जसं शेजारी करतात, तसं. मग त्याला कूस बदलावी लागायची. भिंतीतून थरथर यायची आणि आता तिच्यात चाकं कळत नव्हती, प्रत्येक थरथर तोच एक धक्का होता, आणि त्याच्यामागून त्याचाच आवाज, कुणी फोडली रे. तो बाज ओढून आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथं झोप आली नाही, कारण तिथं काहीच हलत नव्हतं.

मग वाटूरहून काकासाहेब आला. इतक्या वर्षांनी. दमणीला पांढरी बैलं, अंगात लोकरी कोट. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. तो टोकाच्या खोलीत बसला, भिंतीवर थाप मारली, म्हणाला की पाया चांगला धरलाय. जयवंताबाईनं पाणी आणून ठेवलं आणि दाराशी उभी राहिली. काकासाहेबानं सांगितलं की तहसिलात त्याची ओळख आहे, शब्द टाकला की बलदियाचा कागद वर्षानुवर्षं हलणार नाही, रायभाननं बिलकुल घाबरायचं कारण नाही. रायभान ऐकत होता. त्याला चांगलं वाटायला हवं होतं. जन्मात पहिल्यांदा थोरला भाऊ त्याच्या हद्दीच्या बाजूनं बोलत होता.

"आपलं असंल ते सोडायचं न्हाई," काकासाहेब म्हणाला, आणि त्यानं रायभानच्या खांद्यावर हात ठेवला. "धनगराची बाई ती. आज हितं, उद्या तिथं. चार दिवसांनी वाडा हलवत्याल. तिच्यापायी घर पाडतं का कुणी?"

तो हात तोच होता. तसाच जड, तसाच मायाळू. बांधावर होता तसा. रायभानला एकदम दिसलं की त्या हाताला वाट आणि भिंत दोन्ही सारखीच. त्याला फक्त ठेवायला एक खांदा लागतो. आणि ज्वारीवरून गाडी नेताना काकासाहेबानं रायभानकडे ज्या नजरेनं बघितलं असेल, त्याच नजरेनं आता तो त्या बाईकडे बघत होता, आणि ती नजर आपल्याला वाटून द्यायला इतक्या लांब आला होता. रायभाननं खांदा काढून घेतला. "तुमच्या बैलांस्नी पाणी दाखवलं का, दादा?" त्यानं विचारलं. "हौद हाय भाईर. दाखवा अन् निघा. दिवस हाय तवर वाटूरला पोचाल." काकासाहेबाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो कोटाची बटणं लावत उठला आणि जाताना म्हणाला की बाप असता तर बरं झालं असतं. कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर रायभाननं पहार घेतली. का, ते त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं पहारच उगारली असती. पश्चात्ताप वगैरे काही त्याच्या मनात नव्हता. त्याच्या मनात नुसता राग होता, भावाचा, मुकादमाचा, टांगेवाल्याचा, त्या बाईच्या न कळणाऱ्या प्रश्नाचा, आणि कुठंतरी मारल्याशिवाय तो जाणार नव्हता. तो टोकाच्या खोलीत आला तर फळ्या रिकाम्या होत्या. कासरे, जुवाच्या सापत्या, वाद्या, घुंगरमाळा सगळं आतल्या खोलीत नीट रचून ठेवलेलं. जयवंताबाई चुलीपुढं बसली होती. हे तिनं कधी केलं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

छपराचे पत्रे आणि वासे त्यानं आधी उतरवले. मग वरच्या थरापासून सुरुवात केली. भिंत मातीत बांधलेली होती, पण दगड घडीव, एकमेकांना घट्ट धरून बसलेले. एकेक सुटताना तोंड वासल्यासारखा आवाज करी. चौकात माणसं जमली. गाड्या थांबल्या, गाडीवान खाली उतरून बघत राहिले. कुणी मदतीला पुढं आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. बद्रीनाथ ओट्यावरून म्हणाला की चांगलं काम करून राह्यलात रायभानराव, आणि रायभाननं त्याला आईवरून शिवी दिली, इतकी मोठ्यानं की पालाखालचा जवान उभा राहिला. दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी आली. संध्याकाळी नव्हती. तो घामानं निथळत उघड्या खोलीत उभा होता आणि पाचही रस्ते एकदम आत आले होते. नदीचा चढ, मंठ्याची धूळ, स्टेशनचा सिग्नल, जिनिंगचं धुराडं. इतकी वर्षं पाठीनं ओळखलेल्या गाड्यांना आता तोंडं होती, गाडीवानांना डोळे होते, आणि ते त्याला बघत जात होते. त्याला उघड्यावर कपडे उतरवल्यासारखं झालं. मागं चूल दिसत होती, उतरंड दिसत होती, जयवंताबाईची पाठ दिसत होती. ती हलली नाही. एक लॉरी चढ चढून आली, ड्रायव्हरला लांबूनच मंठ्याकडची गाडी दिसली आणि तो आधीच बाजूला झाला. कुणालाच काही झालं नाही. रायभानला त्या ड्रायव्हरचाही राग आला.

दगडांचा ढीग तसाच काही दिवस पडून होता. मग एका सकाळी कडूबा आला. कुणाकडून तरी मागून आणलेली बैलगाडी घेऊन. त्यानं गाडी ढिगाला लावली, खाली उतरला आणि उभा राहिला. रायभान या दिवसाची वाट बघत होता. तो काय बोलेल आणि आपण काय बोलू, याचे कितीतरी संवाद त्यानं घडवून ठेवले होते. "बसा," एवढंच तो म्हणाला.

"दगड न्यायला आलो," कडूबा म्हणाला. "तुमास्नी भेटाया न्हाई."

कडूबानं पागोट्याचा शेव घट्ट केला आणि ढिगाकडे बघतच पुढचं सांगितलं. "तिला दवाखान्यातून आणलीय. मेंढरामागं आता तिला चालता येत न्हाई. पालात बसून ऱ्हाती. वारं येतं, कुत्री येत्यात. आमच्यात कुणी भिंत बांधली न्हाई आजवर. आता बांधावी लागंल."

मग तो दगड उचलू लागला. रायभाननंही उचलायला सुरुवात केली. कडूबानं त्याला नको म्हटलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. दोघं एकाच ढिगातून, पण दोन बाजूंनी. गाडी भरली तेव्हा रायभाननं आतून नवा दोर आणला, वरून आवळायला. "न्हाई लागत," कडूबा म्हणाला आणि गाडीवर चढून बसला. गाडीचं तोंड नदीकडं होतं आणि जायचं मंठ्याच्या अंगाला. भरल्या गाडीला चौकात अख्खं वळण घेणं भाग होतं. बैलांनी हौदाकडे ओढ घेतली, गाडी आडवी झाली आणि हौदाभोवतीच्या चिखलात तशीच रुतली. पाचही बाजूंनी वाहनं साचली. स्टेशनचे टांगे, कापसाच्या गाड्या, चढावर एक लॉरी, जिचा ड्रायव्हर भोंग्यावरचा हात काढत नव्हता. रायभान दोर टाकून रस्त्यात उतरला. एवढ्या वर्षांत तो चौकाच्या मधोमध कधी गेला नव्हता. तो लॉरीच्या पुढ्यात उभा राहिला, हात वर केला. ड्रायव्हरनं शिवी दिली, त्यानं दुप्पट परत दिली. पायाखालची जमीन लॉरीच्या धडधडीनं हलत होती आणि ती थरथर टाचेतून पाठीपर्यंत चढत होती. त्यानं अंग ताठ केलं नाही. मागं कडूबाचा बैलांना दिलेला आवाज ऐकू आला, चाकं करकरली, आणि गाडी हिसका देऊन वळली. त्या हिसक्यात वरचा एक दगड घरंगळून खाली पडला. कडूबानं वळून बघितलं, पण गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा रुतली असती.

रायभाननं तो दगड उचलला. तो जड होता. दोन्ही हातांत मावला, पण पोटाशी धरावा लागला. लॉरीसमोरून, टांग्यांच्या मधून, लोक बघत असताना, तो दगड घेऊन तो गाडीमागं निघाला. मंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी गाठली. मागं दगड ठेवायला जागा होती. चालत्या गाडीत ठेवायचा म्हणजे भिरकावावा लागला असता, म्हणून त्यानं धापा टाकत विचारलं, "कुठं ठिवू?"

कडूबानं बैल थांबवले नाहीत. त्यानं मान थोडी वळवली आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा रायभानच्या तोंडाकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळच," तो म्हणाला. "तिच्यापुढंच नेऊन ठिवा."

गाडी पुढं चालली. रेल्वे फाटक लांब होतं आणि त्याच्या पलीकडचा माळ त्याहून लांब. रायभान रस्त्याच्या मधोमध क्षणभर उभा राहिला. मागून कुणीतरी त्याला बाजूला हो म्हणून ओरडलं. त्यानं दगड पोटावरून उचलून खांद्यावर घेतला आणि गाडीच्या धुळीतून चालू लागला.